गोळीबार थांबल्यावरची बातमी

गडचिरोलीत वार्ताहर झालो तेव्हा चकमकीची बातमी लिहायला फार शिकावं लागलं नाही. ठिकाण, ठार किती, शस्त्रं कोणती, हे पोलिसांच्या पत्रकात असायचं. काही दिवसांनी नक्षल्यांचं पत्रक यायचं. दोन्हींच्या मधे गाव असायचं, पण गावाचं पत्रक कधी निघत नसे.

२००९च्या १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यातल्या मर्केगावात १५ पोलीस मारले गेले. ऑक्टोबरमध्ये लाहेरीत १७. ते वर्ष राज्याच्या लक्षात राहिलं ते यामुळे. त्याच वर्षी, त्याच धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. देशातल्या अशा पहिल्या गावांपैकी ते एक. बांबू आणि तेंदूपत्त्याच्या मजुरीवरून नक्षल्यांनी इथे पाय रोवले होते. तो प्रश्न एका ग्रामसभेने बंदुकीविना पुढे नेला. मी अशा बातम्या पाठवायचो तेव्हा डेस्कवरून विचारणा व्हायची, ‘आज काही घडलं नाही का?’

एटापल्ली तालुक्यात एक बाई भेटली. मुलगा पोलिसात, पुतण्या नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीत, म्हणजे दलममध्ये. दोघांपैकी कुणाचंही नाव लिहू नका, एवढंच ती म्हणाली. मी लिहिलं नाही. आम्ही संध्याकाळी तालुक्याला परततो, तिला रात्र त्याच गावात काढायची असते. ‘खबऱ्या’ ठरवायला एक ओळ पुरते.

ही भीती पत्रकारांनाही आहे. शेजारच्या बस्तरमध्ये २०१३ साली नेमिचंद जैन आणि साई रेड्डी यांना माओवाद्यांनी मारलं. भीती फक्त माओवाद्यांची नाही. जानेवारी २०२५मध्ये तिथल्याच बिजापूरच्या पत्रकार मुकेश चंद्राकरचा मृतदेह सेप्टिक टँकमध्ये सापडला. त्याने रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार उघड केला होता.

शांततेची पत्रकारिता म्हणजे मृतांचा आकडा झाकणं नव्हे. चकमकीनंतर कुणाला चौकशीला नेलं, कुणाला खबरी म्हणून संपवलं, आठवडी बाजार कधी भरला, हे विचारत राहणं म्हणजे ती.

१५ ऑक्टोबर २०२५ला माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. कॅमेरे आले आणि गेले. खरं काम आता आहे. सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीबद्दल ग्रामसभांचं म्हणणं काय, शरण आलेला माणूस आणि त्याच्या दलमने मारलेल्याचं कुटुंब एकाच भागात कसं राहणार? हे लिहायला कुणी थांबलं नाही, तर पुढच्या हिंसेची कारणं आपण पुन्हा मृतांच्या यादीत शोधत बसू.