न मागता मिळणारा थांबा

वाचकहो, सुट्यांचे दिवस जवळ आले की दवाखान्यात एक प्रश्न नेमाने विचारला जातो : ‘डॉक्टर, आईंना एवढ्या लांबच्या प्रवासाला न्यावे का?’ विचारणारा बहुधा मुलगा असतो किंवा सून असते. रक्तदाब, साखर, हृदय पाहून मी माझे मत देतो. परंतु इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मला वाटते, की वृद्धांचा प्रवास जितक्या वेळा आजाराने बिघडतो, तितक्याच वेळा तो संकोचाने बिघडतो. हा संकोच कोणत्याही तपासणीत दिसत नाही. तो मला जवळून दिसला आमच्याच कुटुंबाच्या एका प्रवासात; म्हणून त्याविषयी आपल्याशी चार शब्द बोलतो.

माझी धाकटी बहीण कॅनडात कॅलगरीला राहते. २०२३च्या सप्टेंबरमध्ये आम्ही आईला घेऊन तिच्याकडे गेलो. आईचे वय तेव्हा ७८. रक्तदाब आणि मधुमेह, दोन्ही औषधांनी आटोक्यात. गुडघे मात्र कुरकुरणारे. रॉकी पर्वतरांगेत लेक लुईझपासून जास्परपर्यंत सुमारे २३० किलोमीटरचा एक रस्ता आहे. हिमनद्या, सरोवरे आणि धबधबे यांच्या सोबतीने तो जातो. न थांबता गेल्यास साडेतीन तासांचा हा मार्ग आम्ही दोन दिवसांत, मध्ये एक मुक्काम करून पार करायचा, असे घरातूनच ठरले होते. गाडी माझे मेहुणे चालवणार होते.

कॅलगरीहून लेक लुईझपर्यंतचा पहिला टप्पा दोन-अडीच तासांचा. संध्याकाळी सामान उतरवताना आईची पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली दिसली. गोळ्यांच्या डबीत रक्तदाबाची सकाळची गोळीही तशीच होती. तिच्यात लघवी वाढवणारे औषध असते. विचारले तेव्हा आधी ‘विसरले’ म्हणाली. मग हळूच म्हणाली, ‘‘अरे, जावईबापूंना सारखी गाडी थांबवा म्हणून कसे सांगायचे?’’

वाचकहो, हे वाक्य केवळ माझ्या आईचे नाही. प्रवासात पाणी न पिण्याचा आणि ‘ती’ गोळी टाळण्याचा उपाय आपल्याकडील असंख्य ज्येष्ठ स्त्रिया, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुषही, मुकाट्याने करीत असतात. त्याचे परिणाम जाणून घेण्यासारखे आहेत. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते; म्हणजे शरीराला पाणी हवे असतानाही घसा मागत नाही. त्यात पाणी ठरवून कमी केले, तर उठून उभे राहताना रक्तदाब एकदम खाली येतो, चक्कर येते आणि माणूस पडतो. लघवीचा जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठ पाठोपाठ येतात. काही वृद्धांना तर बोलण्याचा संदर्भही सापडेनासा होतो, आणि घरच्यांना वाटते, प्रवासाने थकले असतील. तासन् तास एकाच जागी बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तो निराळाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्यांनी न्याहारीच्या वेळी सहज जाहीर केले, ‘‘आजपासून गाडी घड्याळावर चालेल. दर तासा-सव्वा तासाने थांबायचे आणि सगळ्यांनी खाली उतरायचे. माझीही पाठ धरते.’’ कोणाला गरज आहे, हा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. दुपारपर्यंत आईची बाटली निम्मी झाली होती.

त्या रस्त्यावर हा नियम पाळणे मुळीच जड गेले नाही. बो सरोवर रस्त्यालगतच आहे; दोन पावले चालले की समोर निळे-हिरवे पाणी. हिमनदी खडकावरून सरकताना त्याचे पिठासारखे बारीक चूर्ण करते. ते पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाशातील निळा-हिरवा रंग परतवते, म्हणून हा रंग. पुढे पेटो सरोवराच्या माथ्यावर जाणारी पायवाट चढाची. आई म्हणाली, ‘‘तुम्ही जाऊन या, मी येथे उन्हात बसते.’’ बहीण तिच्याजवळ थांबली आणि कोणीही आग्रह केला नाही. निर्णय तिचा होता. अथाबास्का हिमनदीपाशी मात्र प्रचंड चाकांच्या बसमधून बर्फावर जायचे ठरले, तेव्हा तीच पुढे होती. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताला नात, अशी ती पाच-सात मिनिटे बर्फावर उभी राहिली.

या हिमनदीची लांबी सुमारे सहा किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचे टोक आजच्या महामार्गाच्या आसपास होते. तेव्हापासून ती दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. ज्या विशाल हिमक्षेत्रातून ती उतरते, त्याचे पाणी पॅसिफिक, आर्क्टिक आणि हडसन उपसागरामार्गे अटलांटिक अशा तीन महासागरांकडे जाते. हे ऐकून आई म्हणाली, ‘‘आपल्या महाबळेश्वरासारखेच की! सावित्री पश्चिमेला, कृष्णा पूर्वेला.’’ वाईत कृष्णेच्या काठी वाढलेली ती. हे तिला सांगावे लागले नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. तेथील बहुतेक थांब्यांवर पाणी नसलेली, साधी, कोरडी शौचालये असतात. म्हणून पाण्याची वेगळी बाटली, ओले रुमाल आणि हात स्वच्छ करण्याचे द्रव आम्ही आईच्या पिशवीतच ठेवले होते. वाटेवर खाण्याची सोय फार थोडी. बहिणीने दशम्या केल्या होत्या. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांचे जेवण लांबल्यास साखर एकाएकी उतरते, म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर हाताशी हवी. इन्सुलिन घेत असल्यास ते हातातील सामानात ठेवावे, गाडीत रात्रभर सोडू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरण्याजोगे राहत नाही. या मार्गावर बराच काळ मोबाइलचे जाळे मिळत नाही; औषधांची यादी मूळ नावांसह कागदावर लिहून जवळ ठेवावी.

बर्फाळ वाऱ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. कान, छाती आणि हात झाकलेले असावेत. छातीत दडपण आल्यास तेथेच थांबावे. अथाबास्का धबधबा २३ मीटरच उंच, पण त्याचा जोर विलक्षण; तुषारांनी भोवतालचे दगड ओले होतात. कठड्याच्या आतच, रबरी तळाच्या बुटांनी आणि काठीसह चालावे.

उंचीचाही विचार हवा. या रस्त्याचा सर्वोच्च बिंदू सुमारे २,०७० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट; प्रकृती स्थिर असलेल्या बहुतेक ज्येष्ठांना तो सोसतो. आपल्या हिमालयातील हिशेब वेगळा आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, रोहतांग जवळजवळ ४,००० आणि सिक्कीममधील गुरुडोंगमार सरोवर ५,००० मीटरच्याही वर. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असल्यास तपासणीवाचून तेथे जाऊ नये. लेहला विमानाने पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी.

ज्येष्ठ वाचकांना माझी विनंती आहे : प्रवासाच्या दिवशी एखादी गोळी नकोशी वाटत असेल, तर ती परस्पर टाळू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा तिची वेळ पुढे-मागे करता येते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती मात्र पाळावी. आणि सोबत जाणाऱ्यांनो, ‘आई, थांबायचे आहे का?’ असे भरल्या गाडीत विचारू नका. त्याचे उत्तर ‘नको’ असेच येते.

प्रवास परदेशाचाच असायला हवा असे नाही. पुण्याहून गणपतीपुळ्याला निघतानाही हीच रीत लागू पडते : पहिला थांबा किती वाजता आणि कोठे, हे निघण्यापूर्वी सर्वांच्या देखत ठरवून घ्या, आणि त्या थांब्यावर आधी तुम्ही स्वतः खाली उतरा.