भिगवणची मासळी : पाटीवरची आणि चुलीवरची

सहलीला निघालेले आपले कुटुंब दोन गोष्टींना घाबरते. एक गाडीभाडे आणि दुसरे बाहेरचे जेवण. गाडीभाडे आधी कळते. जेवणाचे बिल मात्र हात धुतल्यावर कळते. त्यातून ताटात पडले ते त्या गावचे होते की कुठल्याही गावी मिळणारे होते, हे कळायलाही मार्ग नसतो. म्हणून आपल्यापैकी बरेच जण घरूनच चपाती-भाजी बांधून नेतात. त्यात वाईट काही नाही. पण ज्या गावाला आपण गेलो, त्या गावचे अन्न चाखलेच नाही, तर ते गाव आपल्याला अर्धेच कळले, असे मला वाटते.

हा प्रश्न जगभरच्या प्रवाशांना पडतो. थायलंडमधील फुकेत, सामुई ही बेटे पर्यटकांनी गजबजलेली असतात. तेथे समुद्राकाठच्या गल्लीत प्रत्येक हॉटेलासमोर पदार्थांचे रंगीत फोटो आणि इंग्रजी-रशियन पाट्या दिसतात. पण त्या हॉटेलांत भांडी घासणारे, खोल्या झाडणारे कामगार तेथे जेवत नाहीत. ते आतल्या रस्त्याला, बाजाराजवळ जेवतात. तेथे साध्या दुकानात सकाळपासून कालवणांची पातेली मांडलेली असतात. बोट दाखवायचे, भातावर वाढून घ्यायचे. अशा जेवणाला ते लोक ‘खाव गेंग’ म्हणतात. खाव म्हणजे भात आणि गेंग म्हणजे कालवण. दुपार कलली की पातेली रिकामी होतात. भाषा येत नसली तरी अशी दुकाने शोधता येतात. कामगार कुठे बसून जेवतो, तेवढे पाहायचे.

हीच खूण आपल्या इंदापूर तालुक्यातही उपयोगी पडते. पुण्याहून सोलापूरकडे सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण लागते. आमच्या वालचंदनगर, जंक्शन, लासुर्णे भागातील लोक बारामतीवरून तिकडे जातात. दौंड-सोलापूर लोहमार्गावर भिगवणला स्थानकही आहे. हमरस्त्याच्या कडेने ‘स्पेशल मच्छी’, ‘चुलीवरचे जेवण’, ‘गावरान’, ‘घरगुती’ अशा पाट्यांची रांगच लागते. सगळ्याच पाट्या खऱ्या मानायच्या, तर भिगवणात गॅसची शेगडी कोणाकडेच नसावी! यातली खरी कोणती, हे ओळखायचे तर आधी भिगवणला मासळी आली कुठून, ते पाहिले पाहिजे.

पाणी आले, गावे गेली

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमा नदीवर उजनी धरण बांधले गेले. १९८० साली ते पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात. पण पाणी मागे हटत पुणे आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत पसरले. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतील नदीकाठची गावे त्या पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचे दगडी देऊळ पाणी फार उतरले की अजूनही वर दिसते. लोक ते पाहायला गर्दी करतात. देवळाचे शिखर दिसते म्हणून लोक जातात. पण त्याच तळाशी कोणाची चूल होती, कोणाचा गोठा होता, कोणाची अर्ध्या एकराची पट्टी होती, हे आता दिसत नाही.

या पाण्याने सोलापूर जिल्ह्यात ऊस पिकला. आपल्या भागालाही त्याचा लाभ झाला. पण ज्यांची काळी जमीन बुडाली, त्यांना काठावरच्या माळावर नवा संसार मांडावा लागला. नदीवर पूर्वीपासून जाळे टाकणारे भोई होतेच. पुढे जमीन गेलेले इतर समाजाचे लोकही या धंद्यात आले. आज पहाटे अंधारात होडी घेऊन जाणारा माणूस आणि त्याने आणलेली मासळी निवडणारी, साफ करणारी त्याची बायको, या दोघांच्या कष्टावर भिगवणची सगळी पाटीदार हॉटेले उभी आहेत. म्हणून भिगवणला जेवायला बसताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : मी दिलेल्या पैशातला किती भाग या जोडप्याच्या घरी जाणार आहे?

चिलापी मूळची कुठली?

उजनीत रोहू, कटला, मरळ, वाम, शिंगटा असे मासे मिळतात. पण सर्वांत जास्त मिळते ती चिलापी. भिगवणला ‘इथली खास मासळी’ म्हणून तीच पुढे येते. तिची हकिकत ऐकण्यासारखी आहे. चिलापी मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ साली प्रथम आणली गेली. पुढे ती आपल्या तळ्या-धरणांत पसरली. थायलंडच्या लोकांनाही ही मासळी परकीच होती. १९६५ साली जपानच्या युवराजांनी थायलंडच्या राजाला पन्नास चिलापी भेट दिल्या. राजवाड्याच्या तळ्यात त्या वाढवल्या, पिल्ले लोकांना वाटली आणि आज ‘प्ला निन’ या नावाने ती तेथील गरिबाच्या ताटातली रोजची मासळी झाली आहे.

तेव्हा ‘अस्सल’ म्हणजे काय? भिगवणचे पाणी माणसाने अडवलेले, मासळी आफ्रिकेची, आणि जाळे टाकणाऱ्यांतले कित्येक जण एके काळचे शेतकरी. फुकेतला पर्यटक कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर ‘इथली’ म्हणून खातो. तीही मुळात थायलंडच्या ईशान्य भागातली. तिकडचे गरीब लोक पोटासाठी बेटावर आले आणि आपली चव सोबत घेऊन आले. अन्न कुठून आले यावर त्याचा अस्सलपणा ठरत नाही. ते कोणाच्या कष्टाचे आहे आणि गावचा माणूस रोज तेच खातो का, यावर ठरतो. उजनीकाठच्या घरांनी चिलापीला ज्वारीच्या भाकरीशी आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्याशी जोडून दिले. त्या दिवसापासून ती आपली झाली.

खरी खानावळ ओळखण्याच्या खुणा

ज्या कुटुंबांना जायचे आहे, त्यांच्यासाठी काही साध्या खुणा देतो.

पहिली खूण, यादीत सुरमई-पापलेट ठळक असेल तर सावध व्हा. ही समुद्राची मासळी आहे. ती बर्फात बसून भिगवणला आलेली असते. खाण्यास हरकत नाही. पण ती खायला भिगवणला येण्याची गरज नाही.

दुसरी खूण, आत गेल्यावर यादी मागू नका. “मावशी, आज काय आलंय?” असे विचारा. “चिलापी हाय, वाम हाय, मरळ न्हाई आज,” असे उत्तर आले तर निःशंक बसा. पाण्यातून रोज सगळे निघत नाही. बारा महिने सगळे काही हजर असेल, तर ते जाळ्यातून नव्हे, बर्फाच्या पेटीतून येत असते.

तिसरी खूण, मासा आधी पाहायला मागा. खऱ्या ठिकाणी कोणी रागावत नाही. कल्ले लालभडक हवेत, डोळा फुगीर व स्वच्छ हवा, बोटाने दाबलेली जागा लगेच वर आली पाहिजे. मरळ मासा हवेतही श्वास घेतो, म्हणून तो टबात जिवंत ठेवता येतो. वजन करून भाव तेथेच ठरवून घ्या. तळणाचे, रश्श्याचे, भाकरीचे पैसे वेगळे आहेत का, हेही विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आपला पैसा घामाचा आहे.

चौथी खूण, जेवणारे कोण आहेत ते पाहा. ट्रकचालक, बाजाराला आलेले शेतकरी, मासळीबाजारातले हमाल जेथे बसले आहेत, तेथे चव आणि भाव दोन्ही बेताचेच असतात. भिगवणच्या बाजारात मासळीचा लिलाव होतो. त्या आवारात उभे राहून एखाद्या कामगाराला “दादा, तुम्ही कुठं जेवता?” असे विचारले, तर कुठल्याही पाटीपेक्षा खरे उत्तर मिळते.

लहान मुले बरोबर असतील तर चिलापी किंवा वाम घ्यावी. चिलापीत बारीक काटे कमी असतात. वामीला मधला काटा असतो, तो काढला की काम झाले. रोहूचे काटे बारीक आणि फाटे फुटलेले असतात. तो मोठ्यांनी सावकाश खावा.

पान मांडले की ते सर्वांचे

हिवाळ्यात, पाणी उतरू लागले की कुंभारगाव, डिकसळ या काठच्या गावांत रोहित पक्षी येतात. पांढरे अंग, लांब तांबूस पाय, उडाला की पंखात विस्तव दिसतो. डिसेंबर ते मार्च शहरांतून पुष्कळ माणसे त्यांना पाहायला येतात. मासेमारांनी होड्यांतून त्यांना फिरवायला सुरुवात केली आणि हळूहळू घरीच जेवणही देऊ लागले. सकाळी होडीत बसण्यापूर्वी किती माणसे जेवणार ते सांगायचे. परत येईपर्यंत तळलेली चिलापी, रस्सा, भाकरी, भात, ठेचा तयार असतो. मला विचाराल तर या भागातले सर्वांत चांगले जेवण हेच. जाळे त्यांचे, चूल त्यांची आणि पैसाही त्यांच्याच घरात. मध्ये दलाल नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हॉटेलात बसून जेवणे ही आपल्या वाडवडिलांना साधी गोष्ट नव्हती. खेड्यापाड्यांत चहाची वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, हे आपल्या घरातली जुनी माणसे सांगतात. १९२७ साली महाडला तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातीवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे नावानिशी लिहिले गेले. १९५५ च्या कायद्याने तसे करणे गुन्हा ठरले. ‘घरगुती जेवण’ हा शब्द गोड आहे. पण आपल्याकडे घराच्या उंबऱ्याला जात चिकटलेली असते. म्हणून लक्षात ठेवावे : पैसे घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पान मांडले की ते ठिकाण सर्वांचे झाले. तेथे आडनाव विचारण्याचे कारण नाही. काठच्या कष्टकरी घरांत मला वाढताना कोणी आडनाव विचारले नाही, हे येथे आनंदाने नमूद करतो. उद्या कोणी विचारलेच, तर उठून निमूट बाहेर पडू नका. कायदा काय सांगतो ते शांतपणे सांगा.

पाणीच बिघडले तर?

या ताटाला धोका आहे तो वरून येणाऱ्या पाण्याचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. शहरातला माणूस रविवारी ताजी मासळी खायला भिगवणला येतो आणि त्याच्याच शहराची घाण सोमवार ते शनिवार त्या मासळीच्या पाण्यात उतरते. आपल्या नदीतले जुने मासे कमी होत गेले आणि वाईट पाण्यातही तग धरणारी चिलापी वाढली. दुसरा धोका बारीक जाळ्यांचा. पिल्लेच उचलली तर पुढच्या वर्षी काय धरणार? हाताएवढीही नसलेली मासळी ताटात आली तर ग्राहकाने “एवढी लहान नको” असे म्हणावे. चार ग्राहक म्हणाले तर बाजाराला ऐकावे लागते.

तिसरा धोका मांगूर माशाचा. त्याला ‘थाई मागूर’ म्हणतात. पण तोही मूळचा आफ्रिकेचाच. इतर मासे फस्त करणारा हा मासा पाळण्यास आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. तरीही चोरून तळी केली जातात. कोणी फार स्वस्तात मांगूर देऊ लागला तर घेऊ नये.

शेवटी आपल्या भगिनींसाठी. सुकट, बोंबील, कालव्यातली बारीक मासळी, तव्यावरचा ठेचा हे पदार्थ आपल्या घरांत गरिबीमुळे शिजत होते. आज तेच पदार्थ ‘गावरान’ म्हणून हमरस्त्यावर चढ्या भावाने विकले जातात. ज्यांच्या हाताला ती चव आहे, त्या मात्र दुसऱ्याच्या हॉटेलात भाकऱ्या थापायला रोजावर जातात. आपल्या बचत गटांनी याचा विचार करावा. अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी केली की छोटी खानावळ रीतसर चालवता येते. राज्य सरकारने २०२३ साली पर्यटन व्यवसायातील महिलांसाठी ‘आई’ नावाचे धोरण आणले आहे. त्याची चौकशी पर्यटन खात्याच्या कार्यालयात करावी. सुरुवातीला पाच पाने आणि दोन कालवणे पुरेत.

आणि जे जाणार आहेत त्यांनी होडीत बसताना मुलांच्या अंगात जीवरक्षक जाकीट आहे ना, हे पाहूनच बसावे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट याच पाण्यात वादळात उलटून सहा जण बुडाले. वारा सुटला असेल तर पक्षी पुन्हा कधी पाहता येतील. जेवणाचा निरोप सकाळीच द्या, भाव आधी ठरवा, आणि वाढणाऱ्या मावशीला निघताना “जेवण चांगलं झालं” एवढे जरूर सांगा.