नवी लेन्स इतक्यात नको

आयसेलिन, न्यू जर्सी
जानेवारीअखेर

प्रिय वासंती,

तुझे भिगवणच्या पक्ष्यांचे फोटो मिळाले. फोनवर पाहण्यात मजा नाही म्हणून मुद्दाम कॉम्प्युटरवर लावले आणि रात्री उशिरापर्यंत बघत बसले. शेवटी तू लिहिलंयस, ‘300 मिलिमीटरची लेन्स कमी पडते गं, 600 ची घेऊन टाकावी म्हणते.’ घेऊ नकोस. निदान हा मोसम तरी जाऊ दे. पक्षी लहान दिसतात ही तुझी तक्रार मला पटली नाही. ते बरोब्बर मधोमध बसलेत आणि भोवतालचं पाणी त्यांच्याइतकंच उजळ आहे, म्हणून नजर त्यांच्यावर ठरत नाही. हे दोन्ही घरबसल्या, पैसे न घालवता सुधारता येतं.

तो शेकाट्याचाच फोटो घे. लांब गुलाबी पाय पाण्यात, मान डावीकडे वळलेली, खाली प्रतिबिंब. त्याच्या पाठीमागे उजवीकडे नुसतं रिकामं पाणी पसरलंय आणि तो जिकडे टक लावून बघतोय तिकडे कड लगेच येते. क्रॉप करताना पाठीमागचं पाणी काप, समोरचं सगळं ठेव. पक्षी जिकडे बघतो तिकडे आपणही बघतो, तिथे त्याला जागा हवी. प्रतिबिंबाची चोच मात्र खालच्या कडेने कापली गेलीय, ती काही परत येणार नाही. तेव्हा पायांच्या जरा खालीच काप. प्रतिबिंब घ्यायचं तर पुरतं घ्यावं, अर्धवट चोच सारखी टोचत राहते.

क्रॉप केल्यावर फोटो फाटेल अशी भीती तुला वाटते, ठाऊक आहे. तुझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो 6000 गुणिले 4000 पिक्सेलचा. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केलीस तरी 3000 गुणिले 2000 उरतात. त्यातून 10 इंच रुंदीची सुरेख प्रत छापून मिळते. म्हणजे तुझ्या 300 च्या लेन्समध्ये 600 ची चौकट आत्ताच बसलेली आहे.

आणि भिगवणजवळच्या कुंभारगावच्या होडीत पुढच्या खेपेला फळीवर बसू नकोस, लाइफ जॅकेट घालून तळाशीच बैस. कॅमेरा पाण्याच्या जवळ आला की पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडतो. शिवाय वरून टिपताना पक्ष्यामागे लगतचा चिखल आणि गवत येतं, तर खालून टिपताना मागे पार पलीकडचा काठ येतो, इतका लांबचा की तो आपोआप धूसर होतो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडाले की फोटो झकास येतो म्हणून नावाड्याला होडी आत घालायला सांगणारे लोक भेटतील. त्यांना तिथल्या तिथे थांबव. ते पक्षी तिथे खायला आलेत, आणि प्रत्येक उड्डाणात त्यांनी कमावलेलं खर्ची पडतं. चोच पाण्यात उलटी धरून चरणारा रोहित मला उडणाऱ्या थव्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

आता उजेड-अंधाराचं. यावर मला खूप बोलायचंय.

आमच्या मागच्या अंगणात यूची गर्द हिरवी झुडपं आहेत. सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या की तिथे कार्डिनल येतात. नर नखशिखांत लाल, डोक्यावर तुरा, चोचीभोवती काळा मुखवटा. हिरव्यावर लाल, डोळ्यांना यापेक्षा उठावदार काय असणार? पण तो फोटो कृष्णधवल करून बघ. पक्षी गायब! तो लाल आणि तो हिरवा जवळजवळ सारखेच गडद असतात, त्यामुळे दोन्ही एकाच करड्यात विरघळतात. सगळा फोटो एकट्या रंगाच्या जिवावर उभा असतो, आणि म्हणूनच लांबून पाहिला की सपाट वाटतो. उपाय सोपा आहे. झुडपाचा हिरवा थोडा गडद करायचा, पक्ष्याला हात लावायचा नाही. लगेच तो झुडपातून पुढे येतो. तुझ्या रोहितांचंही हेच झालंय. फिकट गुलाबी अंग आणि दुपारचं चंदेरी पाणी, दोन्ही सारखीच उजळ. कोणताही फोटो एडिट करायला घेतलास की आधी कृष्णधवल करून बघ आणि मग रंग परत आण. कुठे काय करायचं ते तिथेच कळतं.

कार्डिनलच्या लाल रंगाची आणखी एक खोड आहे. एकूण उजेडाचा हिस्टोग्राम ठीकठाक दिसत असतो, पण लाल रंगाचा वेगळा आलेख पाहिला तर तो उजव्या कडेला चिकटलेला असतो. मग पिसं दिसत नाहीत, नुसता लाल ठिपका दिसतो. तिथे सॅच्युरेशन वाढवायचा मोह होतो, पण करायचं उलट. लाल थोडा उतरवायचा, की छातीवरची पिसं एकेक करून परत येतात. मादीला हा त्रास नाही. ती बदामी रंगाची, पंखांवर आणि तुऱ्यावर लालसर झाक, चोच नारिंगी. फोटोत मला तीच अधिक देखणी वाटते.

आणि पांढरे पक्षी! इथल्या मेरिल पार्कमधून राहवे नदीचा एक फाटा वाहतो. उन्हाळ्यात तिथे गर्द पाण्यात मोठा बगळा उभा दिसतो. कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड मोजून तो मध्यम करड्यावर आणायला बघतो. काळोखं पाणी दिसलं की फोटो उजळ करतो आणि बगळा जळतो. बर्फात नेमकं उलटं होतं, तो बर्फालाच करडा करून टाकतो. म्हणून काळ्या पाण्यावरच्या बगळ्याला एक्स्पोजर एका स्टॉपने कमी करायचं आणि बर्फातल्या पक्ष्याला साधारण तेवढंच वाढवायचं. जळलेला पांढरा पुन्हा मिळत नाही. भाताचा गोळा झाला की शितं सुटी होत नाहीत, तसंच ते. थोडा काळवंडलेला फोटो मात्र उजळता येतो, विशेषतः तू रॉ मध्ये काढलास तर. जेपेग सोडून रॉ घेच.

तुझ्या चित्रबलाकाच्या फोटोत पाठीवरचा पांढरा अजून शाबूत आहे, मी बारकाईने पाहिलं. आधी हायलाइट्स खाली आण, पिसांच्या कडा दिसू लागेपर्यंत. मग काळा इतकाच खाली ने की पंखांवरचे काळे पट्टे खरे काळे दिसतील, पण त्यातलं पीस बुजणार नाही. मागची झाडी अर्ध्या स्टॉपने गडद कर. डोळा किंचित, अगदी किंचित उजळ. बस. क्लॅरिटीच्या पट्टीला हात लावू नकोस, तिने पिसांची तार होते. फोनवर स्नॅपसीड आणि कॉम्प्युटरवर डार्कटेबल, दोन्ही फुकट आहेत आणि एवढ्याला पुरून उरतात. चोचीआड आलेली काटकी पुसून टाकणारी साधनं आता निघालीत, पण ती मी वापरत नाही. काटकी तिथे होती. उजेड कमी-जास्त करणं मला चालतं, कारण कॅमेऱ्याने तरी तो कुठे जसाच्या तसा टिपलेला असतो?

एका बाबतीत तुला माझ्याहून जास्त जपावं लागेल. डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 26 अंश वर येतो. दिवसभर उजेड तिरपा आणि मऊ, त्यात बर्फ पडलेला असेल तर तो खालून पक्ष्याच्या पोटावरही उजेड टाकतो. भिगवणला त्याच सुमारास सूर्य 48 अंशांपर्यंत चढतो. म्हणून पहाटे निघ, सूर्य पाठीशी ठेव, आणि नऊ-साडेनऊनंतर कॅमेरा ठेवून नुसती दुर्बीण लाव. त्या वेळचे फोटो कितीही एडिट केले तरी डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या जात नाहीत.

तिथल्याच भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची घरटी यंदा किती दिसतात ते सविस्तर लिही. आणि त्या चित्रबलाकाची मूळ फाइल मला पाठव. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, तिथे तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून जोड. मी माझ्या पद्धतीने करून परत पाठवते, तू तुझ्या पद्धतीने कर, आणि मग रविवारी फोनवर भांडू.

तुझी,
नलू