वाळवंटातली कडक कॉफी

चहा हे आमच्या घराण्याचे परंपरागत पेय. पहाटेची मिस्सा आटोपून घरी यावे, ओटीवर टेकावे आणि आल्याचा वाफाळता चहा घशाखाली उतरवावा, यापलीकडे ऐहिक सुखाची कल्पना आमच्या वडिलांनी कधी केली नाही आणि आम्हीही केली नाही. अशा गृहस्थाने कॉफीच्या उपाहारगृहात घडणाऱ्या एका विनोदी चित्रपटाविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे विपरीत वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात विहिरीजवळच्या शेवाळावरून आमचा पाय घसरला, घोटा प्लास्टरमध्ये गेला आणि महिनाभर सक्तीची विश्रांती नशिबी आली. त्या दिवसांत एका संध्याकाळी आमच्या मुलाने दिवाणखान्यात एक जुना चित्रपट लावून दिला. 'बगदाद कॅफे' असे त्याचे नाव. नाव ऐकून आम्हांला हारून अल् रशीद आठवला आणि आम्ही उंट पाहण्याच्या तयारीने उशीला टेकून बसलो.

उंट काही दिसला नाही. वाळवंट मात्र दिसले, आणि तेही अमेरिकेचे. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात, जुन्या 'रूट ६६' या महामार्गावर, बगदाद नावाचे एक लहानसे ठिकाण खरोखरच होते. १९७३ मध्ये जवळून नवा द्रुतगती महामार्ग गेला, गाड्या तिकडे वळल्या आणि हे गाव ओस पडले. आपल्याकडेही नवा रस्ता झाला की जुन्या रस्त्यावरची हॉटेले कशी मान टाकतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. अशाच एका मान टाकलेल्या उपाहारगृहाची ही कथा आहे. जर्मन दिग्दर्शक पर्सी अॅडलॉन यांनी १९८७ मध्ये हा चित्रपट केला. पटकथेत त्यांच्या पत्नी एलिओनोर यांचाही हात होता. पुढे १९८९ साली फ्रान्सच्या 'सेझार' पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपट ठरला. अॅडलॉन २०२४ च्या मार्च महिन्यात निवर्तले. परंतु त्यांच्या या लहानशा कॅफेतील कॉफीची वाफ अद्याप विरलेली नाही.

कथा म्हणाल तर चिमूटभर आहे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील रोझेनहाइम या गावचे एक मध्यमवयीन जोडपे अमेरिका पाहायला आलेले असते. भर वाळवंटात त्यांचे कडाक्याचे भांडण होते आणि यास्मिन नावाची ती स्थूल, अबोल बाई आपली बॅग उचलून रस्त्याने एकटीच चालू लागते. अंगावर जाड लोकरी पोशाख, डोक्यावर पीस खोवलेली टोपी आणि वर आग ओकणारा सूर्य. चालत चालत ती बगदाद कॅफेच्या दाराशी येते. तेथे मालकीण ब्रेंडा बसलेली आहे. या कृष्णवर्णीय बाईने आपल्या निष्काळजी नवऱ्याला नुकतेच घराबाहेर काढले आहे. या दोघी प्रथम समोरासमोर येतात तेव्हा एक डोळे पुसत असते आणि दुसरी घाम पुसत असते. दोघींच्याही हातांची हालचाल सारखीच. हे दृश्य पाहताना आमच्या सौभाग्यवतींनी हसायचे की रडायचे हे न ठरल्यामुळे दोन्ही केले.

आता कॉफीविषयी. या कॅफेतील कॉफीचे यंत्रच बिघडलेले आहे. कॉफीगृह आहे, पण कॉफी नाही! नवे यंत्र आणण्याचे विसरल्याचा अपराध ब्रेंडाच्या नवऱ्याच्या माथी आहेच. योगायोग असा की, यास्मिनच्या पतीने रस्त्यात टाकून दिलेला पिवळा थर्मास याच नवऱ्याच्या हाती लागतो आणि तो त्याने कॅफेत आणून ठेवलेला असतो. त्यातील जर्मन कॉफी अमेरिकन जिभांना विषासारखी कडक लागते. पाणी घालून घालून ती माणसात आणावी लागते. उलट, पुढे अमेरिकन कॉफी यास्मिनसमोर येते तेव्हा तिला ते गढूळ पाणी वाटते. एकाच पेयाची ही दोन रूपे, आणि प्रत्येकाची खात्री अशी की खरी कॉफी ती आपलीच. जगातील अर्ध्याअधिक भांडणांचे मूळ याहून फारसे मोठे नसावे. जुना चित्रकार रूडी मात्र ती कडक कॉफी एका घोटातच पसंत करतो. ही भूमिका जॅक पॅलन्स यांनी केली आहे. तरुणपणी काऊबॉयपटांत ज्यांना पाहून अंगावर काटा यावा, तेच गृहस्थ येथे डोक्याला रुमाल बांधून लाजत लाजत प्रेमात पडतात.

यास्मिनजवळची बॅग उघडल्यावर कळते की, भांडणाच्या भरात तिने नवऱ्याचीच बॅग उचलली आहे. आत सगळे पुरुषी कपडे! परदेशी बाई, एकटी, जवळ गाडी नाही आणि सामान पुरुषाचे. ब्रेंडाला संशय येतो. ती पोलीस अधिकाऱ्यालाही बोलावते. परंतु कागदपत्रांत काही वावगे निघत नाही.

यानंतरचा प्रसंग आम्ही जरा सविस्तर सांगणार आहोत, कारण याच प्रसंगाने आमची विश्रांती संपवली.

एके दिवशी ब्रेंडा सामान आणायला गावात जाते. कार्यालयाच्या खोलीत वर्षानुवर्षांची अडगळ साचली आहे. यास्मिनला राहवत नाही. ती बाह्या सरसावते, झाडते, पुसते, घासते, कचरा बाहेर काढते, खोली आरशासारखी लख्ख करते. पाहुणीने केलेली ही सेवा पाहून मालकीण आनंदेल, असे आपल्याला वाटते. ब्रेंडा परतते आणि अक्षरशः पेटून उठते. माझ्या खोलीला हात लावायला तुला कोणी सांगितले? सगळे होते तसे आणून ठेव! असा तिचा आकांत. बिचारी यास्मिन टाकलेली अडगळ पुन्हा गोळा करू लागते.

आमच्या घरात हशा पिकला. मुलगा हसला, पत्नी हसली, शेजारून आलेली मंडळीही हसली. आमची सून तेवढी हसली नाही. ती हातातील पेल्याकडे पाहत राहिली. आणि आम्ही? आमच्या घोट्यातली कळ त्या क्षणी नाहीशी झाली, कारण दुसरीकडे कोठे तरी एक नवी कळ उठली होती.

वाचकहो, आमची सून मंगळूरची. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिने सोबत एक पितळी फिल्टर आणला होता. रोज रात्री ती त्यात कॉफीची पूड घालून वर गरम पाणी ओतायची आणि सकाळी खाली काळेभोर डिकॉक्शन तयार असायचे. आम्ही पहिल्याच दिवशी एक घोट घेतला आणि सर्वांदेखत म्हणालो, "हे औषध कोणत्या आजारावरचे?" सारे हसले, तीही हसली. विनोद म्हणून तो वाईट नव्हता. पण त्यानंतर ती आपल्यापुरतीच कॉफी करू लागली.

पुढे काही महिन्यांनी आम्ही उभयता एका लग्नासाठी दोन दिवस बाहेरगावी गेलो होतो. आमच्या लिहिण्याच्या टेबलावर तीस वर्षांचे कागद साचले होते. पतपेढीच्या जुन्या सभांची टिपणे, लग्नपत्रिका, अर्धवट लेख, वाळलेल्या दौती. आम्हांला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून सुनेने दोन दिवस खपून ते सारे आवरले. कागद विषयवार लावले, दोऱ्याने बांधले, टेबलाला पॉलिश केले, फुलदाणी ठेवली. आम्ही परतलो, दारातूनच पाहिले आणि ओरडलो, "कोणी सांगितलं होतं तुला? सगळं होतं तसं ठेव!"

शब्द ब्रेंडाचेच. फरक इतकाच की ब्रेंडा आमच्याहून तरुण होती, कष्टाने पिचलेली होती, पदरी मुले होती आणि नवरा घर सोडून गेला होता. आम्ही नुकतेच लग्नाचे जेवण जेवून आलो होतो.

सुनेने एक शब्दही न बोलता कागदांचे दोरे सोडले. जमेल तेवढे सारे पूर्ववत केले. शाई संपलेले फाउंटन पेन आणि चार वर्षांपूर्वीचे कॅलेंडरसुद्धा तिने आठवणीने ढिगाच्या माथ्यावर आणून ठेवले. त्या दिवसापासून ती आमच्या खोलीत आली नाही. चहा उंबऱ्याशी असलेल्या स्टुलावर ठेवायची आणि "बाबा, चहा" एवढे म्हणून परत फिरायची. दोन वर्षे आम्ही त्याला सासऱ्याची मर्यादा समजत होतो.

चित्रपट पुढे चालू होता. ब्रेंडाचा मुलगा सालोमो दिवसभर पियानोवर बाख वाजवीत असतो. घरात त्याचे कोणाला कौतुक नाही, उलट कटकट वाटते. यास्मिन मात्र शांत बसून, डोळे मिटून त्याचे वादन ऐकते. कोणी तरी मन लावून ऐकत आहे हे जाणवताच त्या पोराची बोटे बदलतात. ब्रेंडाची मुलगीही या पाहुणीच्या खोलीत रमते, तिचे बव्हेरियन कपडे घालून पाहते. आपली मुले परक्या बाईकडे ओढली जात आहेत हे पाहून ब्रेंडाचा पुन्हा स्फोट होतो. जा, आपल्या स्वतःच्या मुलांशी खेळ, असे ती सुनावते. यास्मिन हळूच सांगते की तिला मुले नाहीत.

ब्रेंडा तरातरा निघून जाते. आणि काही क्षणांतच माघारी येते. आपले चुकले असे सांगते. बस, एवढेच.

या चित्रपटात पुढे पुष्कळ जादू आहे. यास्मिन जादूच्या खेळांची पेटी घेऊन हातचलाखी शिकते, गिऱ्हाइकांच्या कानांतून नाणी काढते, ते पाहण्यासाठी मालमोटारींचे चालक दूरदूरून येऊ लागतात आणि ओस पडलेला कॅफे गजबजून जातो. परंतु आमच्या मते खरी जादू त्या माघारी वळण्यातच आहे. रिकाम्या हातातून फूल काढणे सरावाने जमते. निघून गेलेल्या माणसाने दाराशी परत येऊन 'चुकले' म्हणणे सरावाने जमत नाही. ब्रेंडाला त्यासाठी काही क्षण लागले. आम्हांला दोन वर्षे लागली होती आणि ती अद्याप संपली नव्हती.

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. शेवटाकडे गाणीबजावणी अंमळ जास्तच होते आणि सारेच जण एकमेकांवर इतके प्रसन्न होतात की संशय यावा. गंमत अशी की दिग्दर्शकालाही ते ठाऊक असावे. कॅफेच्या आवारात राहणारी, लोकांच्या अंगावर गोंदणारी एक बाई आपले सामान बांधून चालू लागते. कारण काय, तर येथे सलोखा फार झाला! रूडी यास्मिनची चित्रे काढतो त्या प्रसंगांत तिची वस्त्रे उत्तरोत्तर कमी होत जातात. त्यात हिणकस काही नसले, तरी लहान मुलांसमवेत पाहणाऱ्या पालकांनी तेवढा भाग ओलांडून पुढे जावे, हे बरे. शीर्षकगीताला ऑस्करचे नामांकन होते आणि बिघडलेल्या कॉफीयंत्राला त्या गीतातही स्थान मिळाले आहे.

पुढे परवान्याअभावी यास्मिनला अमेरिका सोडावी लागते, कॅफे पुन्हा सुना होतो आणि ती परत येते तेव्हा पुन्हा हसू लागतो. रूडी तिला लग्नाची मागणी घालतो. त्यावर ती काय म्हणते? ब्रेंडाशी बोलून सांगते! जिला एके काळी अडगळ परत गोळा करायला लावली, तिचेच आता ब्रेंडावाचून पान हलत नाही. येथेच चित्रपट संपतो.

ज्या उपाहारगृहात याचे चित्रीकरण झाले ते न्यूबेरी स्प्रिंग्ज या गावी होते आणि त्याचे नाव वेगळे होते. चित्रपट गाजल्यावर मालकांनी ते बदलून 'बगदाद कॅफे' असेच ठेवले. युरोपातून, विशेषतः फ्रान्स-जर्मनीतून प्रवासी वाकडी वाट करून तेथे जाऊ लागले. कथेतील परक्या बाईने कथेतील कॅफे जगवला आणि परक्या देशांतील प्रेक्षकांनी खऱ्या कॅफेला गिऱ्हाईक दिले, ही गोष्ट आम्हांला मोठी बोलकी वाटते.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. पहाटे कुबडी घेऊन आम्ही स्वयंपाकघरात गेलो. सून ओट्याशी उभी होती आणि पितळी फिल्टरमधून डिकॉक्शन काढीत होती. पाप कबूल करण्याची सवय आम्हांला लहानपणापासून आहे. परंतु ते जाळीपलीकडल्या फादरांपुढे. ज्याचा अपराध केला त्याच्याच समोर उभे राहून बोलताना जीभ जड होते. कसेबसे म्हणालो, "त्या वेळी माझं टेबल आवरलंस तू... मी फार वाईट बोललो. चुकलं माझं."

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग कपाटातून दुसरा पेला काढून तिने विचारले, "बाबा, तुमच्यासाठी थोडी पातळ करू?"

"नको," आम्ही म्हणालो, "तू घेतेस तशीच दे."

कॉफी अत्यंत कडक होती. अर्धा पेला संपेपर्यंत डोळ्यांत पाणी आले आणि त्याचा दोष आम्ही कॉफीवर ढकलला. टेबल मात्र अजून आवरलेले नाही. येत्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, दोघांनी मिळून आवरायचे ठरले आहे.