शत्रूची पारख

डास कानाशी गुणगुणला की माणसाचा हात आपोआप उठतो. आलेला डास कोणत्या जातीचा, हे पाहण्याइतका धीर कोणाजवळ असतो? सामान्य माणसाच्या लेखी सारे डास सारखेच. परंतु हा समज किती महाग पडतो, हे शास्त्राच्या इतिहासातील एका प्रसंगावरून ध्यानात येते.

१८८० साली लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरांना हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात सूक्ष्म जंतू आढळले. पण ते एका देहातून दुसऱ्या देहात जातात कसे, हे कोडे कायम होते. यात डासाचा हात असावा, असे लंडनच्या डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांना वाटे. त्यांच्या प्रेरणेने डॉ. रोनाल्ड रॉस यांनी १८९५ साली सिकंदराबादेस शोध आरंभला. पाण्यातल्या अळ्या आणून बाटल्यांत वाढवाव्या, त्यांचे डास झाले म्हणजे त्यांना रोग्याचे रक्त पिऊ द्यावे आणि मग एकेक डास चिरून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासावा, असा त्यांचा क्रम असे.

त्यांच्या हाती लागत ते डास बहुधा राखी रंगाचे, नाही तर पट्टेरी. मधूनमधून खंड पडला, तरी दोन वर्षे हा खटाटोप चालला. पण फळ मिळेना. रॉस यांचे परिश्रम कमी पडत नव्हते. डासांची जातच निराळी होती!

ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांना ठिपकेदार पंखांचे काही डास मिळाले. हुसेन खान या रोग्याने दर डासामागे एक आणा घेऊन ते आपल्या अंगाला चावू दिले. दिवस उकाड्याचे होते. पण वाऱ्याने डास उडून जातील म्हणून पंखा बंद ठेवावा लागे. घामाने यंत्राचे स्क्रू गंजून गेले. अखेर २० ऑगस्टला एका डासाच्या जठराच्या भिंतीत काही गोल पेशी दिसल्या. हिवतापाच्या जंतूंत असतात तसेच काळे कण त्यांत होते. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास तपासला, तो त्या पेशी वाढलेल्या! जंतू डासाच्या पोटात वाढत होता.

पुढे १८९८ साली कलकत्त्यास रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा अभ्यास केला. तेथे त्या रोगाचा वाहक ठरला तो राखी डासच! माणसाच्या हिवतापाच्या बाबतीत जो निरुपयोगी ठरला होता, तोच पक्ष्यांचा वैरी निघाला. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनॉफिलीस डास पसरवतो, हे सिद्ध केले. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या तीन कुळांची ओळख डोळसपणे पाहणाऱ्यास अवघड नाही. ॲनॉफिलीस भिंतीवर बसतो तेव्हा त्याचे डोके खाली व शेपटीकडचा भाग वर उचललेला असतो; त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. क्युलेक्सची अळी डोके खाली करून पाण्यात लोंबकळते. त्याच्या एका जातीला घाण पाणी मानवते आणि ती हत्तीरोग पसरवते. पायांवर पांढरे पट्टे असलेला काळा एडिस दिवसा चावतो व डेंग्यूचे विष वाहतो. रक्त पिते ती मात्र प्रत्येक कुळातली मादीच. नर फुलांच्या रसावर जगतो.

शत्रू ओळखला की त्याचे घरही सापडते. डास म्हणजे गटारातली पैदास, अशी अनेकांची समजूत असते. परंतु १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा शोध घेतला, तेव्हा त्यांचे बोट वळले ते घराघरांतील विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांकडे. तेथील ॲनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास निर्मळ पाण्यातच अंडी घालतो. म्हणून गटार कितीही स्वच्छ ठेवले, तरी गच्चीवरची टाकी उघडी असेल तर हिवतापाला त्या घरात वाट मोकळीच राहते. टाकीवरचे एक घट्ट झाकण तेथे जे काम करते, ते गटारात ओतलेल्या औषधाने होत नाही.