रेशमी टोपीवाल्याची लेक

चार्ली चॅप्लिन ठाऊक नाही असे घर आपल्याकडे सापडायचे नाही. पण हा चार्ली ज्याला गुरू म्हणत असे, त्या मॅक्स लिंडरचे नाव विचारा. शंभरात एखादा मान हलवील. चार्लीने आपल्या एका छायाचित्रावर स्वतःला त्याचा शिष्य म्हणवून घेत सही केली होती. शिष्याला जग ओळखते आणि गुरूची ओळख करून द्यावी लागते, असा हा उफराटा न्याय.

त्याचे खरे नाव गाब्रिएल लवीएल. 1883 साली बोर्दोजवळच्या सॅं-लुबेस गावी, द्राक्षमळेवाल्यांच्या घरी तो जन्मला. पोराला मळ्याची गोडी नव्हती, नाटकाची होती. बोर्दोत अभिनयाचे धडे गिरवून त्याने पॅरिस गाठले. 1905 पासून दिवसा पाथे कंपनीच्या चित्रपटांत आणि रात्री रंगभूमीवर, अशी दुहेरी चाकरी सुरू झाली. पडद्यासाठी त्याने नाव घेतले मॅक्स लिंडर.

तेव्हाचे विनोदी नट म्हणजे आपटाआपटी आणि धावाधाव. मॅक्सने वेगळीच वाट धरली. डोक्यावर रेशमी उंच टोपी, हातात छडी, कोरलेल्या मिशा, कडक इस्त्रीचा कोट. असा हा छानछोकी गृहस्थ नको त्या पेचात सापडतो आणि तरीही आपला रुबाब सोडत नाही. हसू येते ते त्या रुबाबाचे. पहिल्या महायुद्धाआधीच त्याची कीर्ती स्पेनपासून रशियापर्यंत पोचली होती. तिथे तो दौऱ्यावर गेला, तेव्हा त्याला पाहायला झुंबड उडाली.

घरात मराठी, गल्लीत कानडी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आम्हा सीमाभागातल्या माणसांना मूकपटाचे अप्रूप जरा जास्तच वाटते. त्याला भाषेची चौकी नाही. मॅक्सचा 1921 सालचा ‘सेव्हन इयर्स बॅड लक’ मी नातवाच्या संगणकावर पाहिला. नोकराच्या हातून आरसा फुटतो. मालकाला कळू नये म्हणून घरचा स्वयंपाकी मालकासारखा सजून रिकाम्या चौकटीपलीकडे उभा राहतो, आणि मॅक्स दाढी करू लागला की हुबेहूब तसेच हातवारे करतो. नातू आणि त्याचा कानडी दोस्त दोघेही पोट धरधरून हसले. कुणालाच कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

पण हा आरसा फुटण्यापूर्वीच मॅक्सचे आयुष्य तडकले होते. महायुद्धातून तो दुखावलेले शरीर आणि खचलेले मन घेऊन परतला. चॅप्लिनने एसॅने कंपनी सोडली, तेव्हा तिने मॅक्सला अमेरिकेत बोलावले. 1917 मध्ये तीन चित्रपट झाले. पण ते म्हणावे तसे चालले नाहीत आणि प्रकृतीनेही दगा दिला. पुढे पुन्हा जाऊन त्याने तीन मोठे चित्रपट केले. गुरू परदेशात नशीब अजमावीत होता, आणि तिथे शिष्य जगाचा लाडका होऊन बसला होता. तरी दोघांचा स्नेह तुटला नाही, हे मला मोठे वाटते.

1923 मध्ये त्याने निनेत पीटर्स या कोवळ्या वयाच्या मुलीशी लग्न केले. संशय आणि खिन्नता यांनी तो संसार पोखरला. 1925 च्या ऑक्टोबरअखेर पॅरिसच्या एका हॉटेलात दोघांचाही अंत झाला. लोक अशा मरणाला प्रेमकथेचा मुलामा देतात. मला त्यात उदात्त असे काही दिसत नाही. मागे सोळा महिन्यांची मूल उरली होती. तिचे नाव मोद.

ती आजोळी वाढली, आणि घरात बापाचा विषय निघत नसे. हे वाचले तेव्हा मला आमचे घर आठवले. आजोबांचे धाकटे भाऊ नाटक कंपनीबरोबर निघून गेले ते परतलेच नाहीत. आमच्याकडे त्यांचे नाव कुणी काढीत नसे. एकदा मी विचारले तर आजी म्हणाली, “जेव मुकाट्यानं.” ते कुठल्या भूमिका करीत, गळा कसा होता, काही म्हणजे काही उरले नाही. घराने तोंड मिटले की माणूस दुसऱ्यांदा मरतो.

मोदने मात्र तोंड मिटले नाही. वयात आल्यावर तिने बापाला प्रथम पडद्यावर पाहिले, आणि मग तिचा शोध सुरू झाला. मॅक्सच्या असंख्य छोट्या चित्रपटांपैकी कितीतरी नष्ट झाले होते. उरलेली रिळे तिने चिकाटीने गोळा केली. 1963 मध्ये त्याच्या तीन अमेरिकन चित्रपटांतून तिने एक संकलन उभे केले, 1983 मध्ये ‘रेशमी टोपीवाला’ अशा अर्थाच्या नावाचा माहितीपट केला, आणि पुढे बापावर पुस्तकही लिहिले. 2017 साली, त्र्याण्णव वर्षांची होऊन ती गेली.

जो बाप आपल्याला पोरके करून गेला, त्याला तिने माफ केले की नाही, हा तिचा प्रश्न. तिने त्याला झाकले नाही आणि देव्हाऱ्यातही बसवले नाही, लोकांपुढे आणले. जगाला हसवणारा हा माणूस तिच्या वाट्याला फक्त पडद्यावर आला. तोही मुका.