दोन धन्यांची चाकरी

दोन धन्यांची चाकरी एकाच चाकराला साधत नाही, हे आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरीही गेली अठरा वर्षे आम्ही ती करीत आहोत. आमचा पहिला धनी कुंचला. पुस्तकांची मुखपृष्ठे व आतील चित्रे काढून आमचा प्रपंच चालतो. दुसरा धनी डोंगरातली सायकल. आणि तीही हवा खाण्यासाठी नव्हे, तर शर्यतीसाठी. पहिला धनी आमच्या पोटाला घालतो, दुसरा आमच्याच खिशातून आपले पोट भरतो.

ज्यांना या खेळाची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळीत असत. १९७६ साली फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी घड्याळ लावून शर्यत सुरू केली. सुमारे दोन मैलांत तेराशे फुटांचा उतार! पायडल उलटे दाबले की लागणारे ते जुने ब्रेक तळाशी पोहोचेपर्यंत इतके तापत, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नाव पडले ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे. शर्यतीचा एक प्रमुख आयोजक चार्ली केली हा एका रॉक वाद्यवृंदाचे सामान वाहून नेणाऱ्यांपैकी होता. त्यानेच १९८० साली एका मैत्रिणीच्या साह्याने ‘फॅट टायर फ्लायर’ हे या खेळाला वाहिलेले नियतकालिक काढले व १९८७ पर्यंत ते चालले. पुढे १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. सांगावयाचे ते एवढेच, की या खेळाच्या पाळण्याशेजारी लेखणी आणि वाद्ये पहिल्यापासूनच होती.

आमच्या घराला मात्र हे पटणे सोपे नव्हते. वडील वाडीतली केळी सायकलला बांधून वसई स्टेशनापर्यंत नेत. “सायकल ओझे वाहायला असते. तुझी ही सायकल घरी काय घेऊन येते?” असे ते विचारीत. त्या प्रश्नात राग नव्हता, हिशेब होता. आणि ज्याने चार मुलांना त्या सायकलीवर वाढवले, त्याला तो हिशेब मागण्याचा अधिकारही होता.

लोक आम्हाला विचारतात, “वेळ कसा काढता?” वेळ काढता येतो. पहाटे पाचला उठून तुंगारेश्वरचा चढ चढून उतरावा आणि नऊच्या आत टेबलापाशी बसावे. रविवारी शर्यत असली तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जावे. खरी अडचण वेगळीच आहे. खडकाळ उतारावर अर्धा तास ब्रेक धरले की हाताचे स्नायू दगडासारखे कडक होतात आणि पुढे दोन-तीन तास बोटे थरथरतात. त्या बोटांनी मुलाच्या चेहऱ्यावरची पापणी रेखता येत नाही. उलट, दहा तास वाकून चित्र काढलेली मान दुसऱ्या दिवशी हँडलवर पुन्हा वाकायला तयार नसते. म्हणून आम्ही कालांतराने तासांची वाटणी सोडून थकव्याची वाटणी करू लागलो. कठीण सरावाच्या दिवशी टेबलावर केवळ मोठे, पसरट रंग भरावयाचे. बारीक रेषेच्या दिवशी सायकल भिंतीला टेकलेली असावयाची. या दोन धन्यांमध्ये भांडण वेळेवरून नसून या एका उजव्या हातावरून आहे.

हे आम्हाला २०१९ च्या पावसाळ्यात नीट कळले. पुण्याजवळच्या एका शर्यतीत शेवाळलेल्या खडकावरून पुढचे चाक सरकले आणि आम्ही पसरलेल्या तळहातावर पडलो. मनगटात होडीच्या आकाराचे एक लहान हाड असते, ते मोडले. त्या हाडाला रक्तपुरवठा एका बाजूनेच अधिक होतो, म्हणून ते सावकाश जुळते. हात बारा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिला. लहान मुलांच्या एका पुस्तकाची चोवीस चित्रे ठरली होती. अकरा झाली होती. उरलेले काम दुसऱ्या चित्रकाराकडे गेले आणि घेतलेली उचल आम्ही परत केली. घरी कोणी बोल लावला नाही. पत्नीने दुकानदाराची उधारी वहीत मांडली आणि वही मिटली. धाकट्या मुलीने मात्र विचारले, “पप्पा, हात सुटला की आधी काय धरणार? ब्रश की हँडल?”

आम्ही उत्तर दिले नाही, कारण ते ठाऊक नव्हते. प्लॅस्टर निघाल्यावर आम्ही पेन्सिल धरली, आणि सात महिन्यांनी हँडल. केवळ उताराच्या शर्यतींची सायकल विकली. त्या पैशांत उधारी फिटली. आता चढ-उतारांच्या लांब फेऱ्यांच्या शर्यतीत तेवढे उतरतो, आणि चित्रे पोहोचवावयाच्या आधीचे सहा आठवडे कोणत्याही शर्यतीत नाव देत नाही. या नियमापायी मनाजोग्या तीन शर्यती हुकल्या. मनगट अजून पूर्वीइतके वाकत नाही.

मग सायकलीने घरी आणले तरी काय? उतारावर शिकवतात, की दगडाकडे पाहू नका. पाहाल तेथेच चाक जाईल. दगडाशेजारच्या मोकळ्या वाटेकडे पाहा. आमच्या चित्रांतही पूर्वी वस्तूंची गर्दी असे. दोन वस्तूंमधली मोकळी जागा पाहावयास आम्ही कलाशाळेत नव्हे, त्या उतारावर शिकलो. वडील आज असते तर एवढ्याने त्यांचा हिशेब जुळला असता असे नाही.

आपल्या पॅरिशमध्येही अशी मुले आहेत, जी वादनात रमतात आणि फुटबॉलच्या मैदानावरही. “दोन्हीपैकी एक काय ते ठरव” असे त्यांना सांगण्याआधी आईवडिलांनी एक करावे. मूल कोणत्या दिवशी कशाने थकते आणि दुसऱ्या दिवशी कशाकडे आपणहून वळते, हे महिनाभर पाहावे. त्यानंतर दोहोंपैकी काय सोडावे, किती सोडावे, हे बहुधा ते मूलच सांगेल. आणि त्याची किंमतही तेच मोजील.